विश्वासपत शून्य

"वहिनी, ती पांढरी अळंबी विषारी आहे, जगाला सांगा हो," असं तीच अळंबी खाल्लेली नणंद मरताना बजावून गेली होती. लोकांनी मिळून लिहिलेल्या रानभाज्यांच्या संकेतस्थळावर मात्र ती 'खाण्याजोगी' होती. म्हणून कालिंदीबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला: सकाळी देवापुढे दिवा लावला की तिथं एकच ओळ लिहायची, 'ही खाऊ नका.'

आज तिथं त्यांच्या नावापुढे विश्वासपत, म्हणजे लिहिणाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा तो आकडा, शून्य दिसली.

"अहो काकू, रोज त्याच वेळी तीच ओळ?" शेजारच्या रेवतीनं कपाळाला हात लावला. "त्या संकेतस्थळाला वाटलं, तुम्ही माणूस नाही, यंत्र आहात. आता तुमचं लिहिलेलं कुणालाच दिसायचं नाही."

"अगं, नेम म्हणजे रोज तेच ना?"

समोरचे डोंगर अळंबीनं पांढरे झाले होते. कालिंदीबाईंनी टोपली घेतली आणि एकट्याच तिकडे निघाल्या, आजच्यापुरती तरी उपटायला.