जेवलीस का गं

"पुन्हा लिही," म्हणत ओक्जूताईने चौथा कागद फाडला. "अक्षर फार देखणं आलं. देखण्या अक्षरातली माफी लोकांना खोटी वाटते."

लानाने पाचवा कागद पुढे ओढला. मजकूर कंपनीच्या कचेरीतून आलेला. अक्षर मात्र तिचंच हवं. सोलमध्ये गाणाऱ्या पोरीचं काही चुकलं, की तिने स्वतःच्या हाताने माफी लिहायची आणि त्या कागदाचा फोटो जगाला दाखवायचा, अशी रीतच होती.

"एखादी चूक राहू दे," ताई म्हणाली. गाण्याच्या कंपनीने लानासकट पाच पोरींचा गट सांभाळायला तिला ठेवलं होतं. "दोन नकोत. दोन राहिल्या तर म्हणतील, बाहेरदेशी वाढलेली, हिला लिहितासुद्धा येत नाही."

"आणि एकही नाही राहिली तर?"

"मग म्हणतील, आम्ही लिहून दिलं."

"तुम्हीच दिलंय लिहून."

"बघ! या जिभेपायीच ही वेळ आलीय तुझ्यावर."

वेळ आली होती ती तीन शब्दांनी. परवा एका कार्यक्रमात पांग बाई गाणं संपवून पायऱ्या उतरत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, साऱ्या देशाच्या लाडक्या. लानाने त्यांना हात दिला. बाईंचा हात गार होता, थरथरत होता, अगदी आमेच्या हातासारखा. आमे म्हणजे तिची आजी. कझाकस्तानात पूर्वीच जाऊन वसलेल्या कोरियन लोकांतली, उश्तोबेच्या बाजारात गाजराची कोशिंबीर विकणारी. लाना कोरियन बोलायला शिकली ती तिच्या मांडीवर, आणि कुठली आजी नातीला अहो-जाहो करते? लानाच्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का गं?"

माइक चालू होता. तो अकरा सेकंदांचा तुकडा एव्हाना वीस लाख लोकांनी पाहिला होता. एवढ्या मोठ्या बाईंना अगं-तुगं! आली तिथे परत पाठवा हिला.

"पण बाई हसल्या होत्या," लाना म्हणाली. "माझा हात दाबून म्हणाल्या, नाही गं पोरी, कुठली जेवतेय."

"ते त्या तुकड्यात नाही."

"मग बाईंनाच विचारा ना."

"विचारलं. त्यांना या भानगडीत पडायचं नाहीये." ताईचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, नवं गाणं आठवड्यावर आलंय. तुला पाचांत ठेवायचं की नाही, ते साहेब आज ठरवणार. लिही मुकाट्याने."

लानाने लिहिलं. 'मी, ईसुल, मान खाली घालून...' ईसुल म्हणजे दव. हे नावही कंपनीनेच दिलेलं. सातव्या कागदावर ताईने मान डोलावली, फोटो काढला आणि पाठवून दिला.

दोघी वाट बघत बसल्या. ताईचा फोन थरथरू लागला, थांबेचना. तिने थोडं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"काय म्हणतात?"

"काही नाही. अक्षर शाळकरी पोराचं आहे म्हणतात."

काचेपलीकडे तालमीच्या खोलीत नवं गाणं लागलं. लाना उठून काचेशी गेली. बाकीच्या चौघी नाचत होत्या. मधोमध तिची जागा होती. ती रिकामी नव्हती. चौघी एकमेकींकडे इतक्या सरकल्या होत्या, की इथे कधी पाचवी होती हे पाहणाऱ्याला कळलंही नसतं.

"तालीम आहे नुसती," ताई तिच्याकडे न बघता म्हणाली.

"ताई, आमेला एक फोन करू?"

लानाचा फोन परवाच काढून घेतला होता. ताईने दाराकडे पाहिलं, मग आपला फोन पुढे केला. "स्पीकरवर ठेव. मी रेकॉर्ड करते, साहेबांना ऐकवते. पोरगी घरीसुद्धा नीट बोलते म्हटल्यावर कदाचित... आणि ते तुमचं गावंढळ आमे-बिमे नको. हाल्मोनी म्हण, इथल्यासारखं."

घंटा बराच वेळ वाजली. आमेला कमी ऐकू यायचं. हल्ली ती माणूस ओळखायची ती आवाजावरून नाही, बोलण्याच्या धाटणीवरून. मग पलीकडे सुरी फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"कोन हाय?"

लाना ताठ बसली. दोन दिवस घोटून घेतलेलं वाक्य तिने सावकाश, एकही शब्द न चुकता म्हटलं, "नमस्कार, हाल्मोनी. आपलं जेवण झालं का?"

आमे सावरून बसली असावी, कारण पुढचा आवाज लानाला ठाऊक होता. कागदावर शिक्का मारून घ्यायला सरकारी कचेरीत गेली, की आमे या आवाजात बोलायची.

"न्हाई अजून, बाईसाहेब. तुमचं झालं का?"

लानाने ताईकडे पाहिलं. ताईने हाताने खूण केली: छान चाललंय, पुढे बोल.

"बोलन्यावरनं सोलच्या दिसताय," आमे म्हणाली. "माझी नात असती तिथं. गाती. तुमाला कुटं भेटली, तर माझ्या नावानं तेवढं इचारा तिला... जेवलीस का गं, म्हनावं."

ताईने अंगठा वर केला.

"विचारीन, हाल्मोनी," लाना म्हणाली. "आपण जेवून घ्यावं."