तिसरं उत्तर

वेल्माचा मोबाइल सकाळपासून मुका होता. दुपारी तिनं आदिवासी वस्तीवरच्या एकुलत्या दुकानातल्या फोनवरून बँक गाठली, तेव्हा कळलं, नंबर भलत्याच कुणाच्या हातात गेलाय. आणि तो भलता आता वेल्मा होऊन तिच्या खात्यात शिरलाय.

"पासवर्ड आत्ताच बदललाय," बँकेतली टेगन स्पीकरवरून म्हणाली. "आणि सगळे पैसे हलवायची विनंती आलीय."

"अहो, मग थांबवा की! माझ्या आईच्या मातीचे पैसे आहेत ते!"

आई अ‍ॅलिस शहरातल्या शवागारात होती. तिला विमानानं घरी आणायला सगळ्या गोतावळ्यानं डॉलर डॉलर जमवला होता.

"तुम्हीच वेल्मा आहात हे पटल्याशिवाय मला हात लावता येत नाही. मोबाइलवर कोड पाठवू?"

"म्हणजे चोरालाच पाठवणार? शाबास!"

"मग गुप्त प्रश्न. आईचं पहिलं नाव सांगा."

इथं गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचा पाय इथून निघत नाही. त्या नावाचं दुसरं कुणी असलं तर त्यालाही आपलं नाव बाजूला ठेवावं लागतं. दुकानातल्या गल्ल्यावरच्या पोरीचं नाव आईचंच होतं. आई गेल्यापासून तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर चिकटपट्टी होती, आणि सगळे तिला कुमंजायी म्हणत. जिचं नाव घ्यायचं नाही, ती कुमंजायी.

"डल्सी," वेल्मा म्हणाली.

डल्सी शेजारीच खोक्यावर बसली होती. आईची धाकटी बहीण, म्हणजे आईच. वेल्मा जन्मभर तिला आईच म्हणत आली होती, त्यात लबाडी नव्हती.

"चुकलं, मॅडम. सांभाळून. तीनदा चुकलं की खातं बंद पडतं."

डल्सी उठली. दोन्ही कानांवर तळवे दाबून ती भिंतीकडं वळली. "बोल, पोरी. मला काही ऐकू येत नाही." गल्ल्यावरच्या पोरीनंही पाठ फिरवली.

वेल्मानं तोंड उघडलं. मागच्या वाढदिवसाला तिनंच आईचा फोटो फेसबुकवर टाकला होता, केकसकट, नावासकट. तेव्हा आई केक खाऊन बोटं चाटत होती. चोरानं नाव तिथूनच उचललं असणार. वेल्माला स्वतःचाच संताप आला. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं.

"वेळ संपली. ही दुसरी चूक धरली गेली," टेगन म्हणाली. मग वैतागून, "अहो, एक शब्द तर आहे! मघाशी तुमच्या नावानं फोन आला, त्या बाईंनी चटकन सांगितला."

"चटकन?"

"लगेच."

"मग ती मी नव्हेच ना, बाई! आई गेलीय माझी. तिचं नाव आता माझ्या तोंडून निघेल का?"

मग टेगन हळूच म्हणाली, "मला कळतंय. पण विनंती पुढं सरकतेय, मॅडम. लवकर."

वेल्मा थबकली. "तिसऱ्यांदा चुकलं तर खातं बंद. कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. पैसे जागच्या जागी राहतील, पण तुम्हाला स्वतः अ‍ॅलिसच्या शाखेत यावं लागेल."

"यायचंच आहे. आई तिथंच आहे."

वेल्मानं गल्ल्यावरच्या पोरीच्या पाठीकडं बघितलं.

"लिहा. कुमंजायी."

पलीकडं कीबोर्डच्या कळा वाजल्या. वेल्मानं फोनची वायर बोटाला करकचून गुंडाळली.

"चुकलं," टेगन म्हणाली, आणि तिनं सोडलेला सुस्कारा दुकानभर ऐकू आला. "बंद झालं. पैसे आहेत तिथंच आहेत."

वेल्मानं बोटावरची वायर सोडवली. डल्सीनं वळून तिच्याकडं पाहिलं आणि कानांवरचे हात काढले.

"शाखेत परत नावच विचारतील का हो?" वेल्मानं विचारलं.

"नाही. तिथं चेहरा बघतात."

"मग झालं तर," डल्सी फोनवर वाकून म्हणाली. "पोरगी थेट आईवर गेलीय."