पोटाची तालीम

अर्धी जिलेबी खाल्ली आणि लठ्ठ झालेल्या दत्तोबा पैलवानांना दरदरून घाम फुटला. वजन उतरवण्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. पण एका गोळीनं त्यांचं पोट महिनाभर, जठराला वळसा देणारं बायपास झाल्यासारखं वागत होतं. बायपास की स्लीव्ह हे ठरवण्याआधी दोन्ही ऑपरेशनं अशी गोळीनं अनुभवून बघता येत. जठर छोटं करणाऱ्या स्लीव्हच्या महिन्यात जिलेबी पचली होती, पण वाकलं की घशाशी आंबट यायचं.

"आबा, गोडाशिवाय राहाल?" नात ऋतुजानं विचारलं.

"राहीन की! पण वाकता आलं नाही, तर तुला पाय ओढून पट काढायला कोण शिकवणार?"

डॉक्टरांना त्यांनी बायपासच सांगितलं.

वर्षभरानं हलके झालेले आबा तालमीच्या लाल मातीत उतरले. ऋतुजानं वाकून त्यांचे पाय ओढले, तसे ते धपकन पाठीवर पडले.

"शाब्बास!" पडल्यापडल्याच ते हसत ओरडले. "आता पुन्हा पट काढ बघू!"