तिसऱ्या गोलला एकच हात

तिसरा गोल झाला आणि उर्होचा एकच हात वर गेला.

नेव्हेनाच्या लक्षात आलं ते तेवढंच. एरवी फिनलंडचा गोल झाला की तिचा हा सासरा दोन्ही हात छताकडे फेकायचा आणि पुन्हा मुकाट्यानं कॉफी प्यायला लागायचा. दुपारपासून तो एक शब्द बोलला नव्हता. पण त्या घरात गप्प बसणं हे काही आजाराचं लक्षण नव्हतं.

दोघं रेडिओच्या दोन बाजूंना बसून आइस हॉकी ऐकायची. नवरा इलारी बोटीवर कामाला, सासरा मुखस्तंभ. मग बल्गेरियाहून आलेल्या सुनेनं फिनिश शिकायची कुणाकडून? शिकायच्या पुस्तकात 'मांजर टेबलाखाली आहे' एवढंच, आणि ती मांजर तिथून हलायचं नाव घेईना. शेवटी तिनं रेडिओवरच्या समालोचकाचं बोट धरलं. गावातल्या दुकानात ती दूधही अशा आवेशात मागायची की दुकानदारीण म्हणायची, "हळू गं बाई, दूध काही पळून जात नाही!"

"उर्हो," ती म्हणाली, "दुसरा हात?"

त्यानं उत्तरासाठी तोंड उघडलं. ओठ उजवीकडे लोंबला, कप मांडीवर कलंडला आणि तो खुर्चीवरून घसरत जमिनीवर आला.

नेव्हेनाला फोनची फार धास्ती. माणूस समोर असला की हातवारे तरी करता येतात. पण तिनं तातडीच्या मदतीचा नंबर लावला आणि तोंडातून जे आलं ते आलं.

"उर्हो खाली! रेडिओशेजारी! उजवी बाजू पूर्ण बंद! उठायचा प्रयत्न... पण नाही, नाही, उठता येत नाहीये!"

पलीकडची बाई म्हणाली, "अहो, मॅचसाठी नाही हा नंबर. हा आजारी माणसांसाठी..."

"आजारीच आहे! मॅच नाही! म्हातारा! माझा सासरा!"

बाईचा आवाज बदलला. तिनं पत्ता विचारला, श्वास विचारला, तोंड वाकडं झालंय का ते विचारलं. "आता नीट आठवा. हे कधी सुरू झालं? औषध द्यायचं की नाही, ते यावरच ठरणार."

मॅच चालू असताना घड्याळाकडे कोण बघतंय! नेव्हेनाला रडूच फुटणार होतं. मग ती म्हणाली, "दुसऱ्या गोलला दोन्ही हात वर. तिसऱ्याला एकच."

"तिसरा म्हणजे आत्ताचा? कप्तानानं मारला तो?"

"तोच!"

"मग आपण वेळेत आहोत. गाडी निघालीय. त्यांना कुशीवर वळवा, खायला-प्यायला काही देऊ नका. आणि फोन ठेवू नका, बोलत राहा."

नेव्हेना बोलत राहिली. गाडी दारात येईपर्यंत तिनं उर्होच्या एकेका श्वासाचं समालोचन केलं.

सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे, औषध वेळेवर मिळालं, पण वाचा कितपत परत येते ते बघावं लागेल. उर्हो छताकडे बघत पडला होता. तो आजारानं बोलत नाही की स्वभावानं, हे डॉक्टरांना कळेना आणि सुनेलाही कळेना.

बऱ्याच वेळानं त्याची नजर तिच्याकडे वळली.

"किती?" तो पुटपुटला.

"चार-तीन," नेव्हेना म्हणाली. खोटं बोलण्याइतकं फिनिश तिला अजून येत नव्हतं. "स्वीडन. शेवटच्या क्षणी."

उर्होनं गोलरक्षकाला एक लांबलचक, खणखणीत शिवी हासडली. सलाईन बघायला आलेली नर्स तोंडावर हात ठेवून हसत सुटली. नेव्हेनाचा जीव भांड्यात पडला आणि ती घळाघळा रडायला लागली. शिवीतला एकही शब्द तिला कळला नव्हता. रेडिओवर तो कधी आलाच नव्हता.

"काय म्हणाले हो?" तिनं नर्सला विचारलं.

"ते त्यांच्याकडूनच शिका," नर्स म्हणाली.

उर्होचा राग अजून गेला नव्हता. त्यानं पांघरुणावर हात आपटला. आधी डावा, आणि त्याच्या मागून, जरा उशिरानं, उजवा.