बिनसुईचं घड्याळ

घड्याळ खोटं बोलतंय, याविषयी खिळेकाकूंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की त्याला पकडायचं कसं.

मुलीनं ते परवाच आणून त्यांच्या मनगटावर बांधलं होतं. ती ज्या कंपनीत कामाला होती, तिथे त्याची अजून तपासणीच चालली होती. सुई नाही, रक्त नाही. कातडीवर हिरवा उजेड पाडायचा आणि साखर किती ते सांगायचं. शिवाय तोच आकडा तिकडे मुलीच्या फोनवर उमटायचा, म्हणजे घरबसल्या पहारा.

काकूंचा उजेडावर भरवसा नव्हता. रक्त न बघता रक्तातलं सांगणाऱ्या माणसाला त्यांनी दारात उभं केलं नसतं, मग यंत्राला कशाला करतील? आणि याच आकड्यावर औषध कमी-जास्त करायचं होतं. तो चुकला तर जीव आपला जाणार, कंपनीच्या बापाचं काय जातंय?

खिळे-मोळे, कड्या, बिजागऱ्या विकण्यात काकूंचा जन्म गेला होता. दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे काट्यावर शिक्क्याचं वजन ठेवायचं. ते बरोबर भरलं, तरच पुढे गिऱ्हाईक. काटा कितीही नवा असो, महागडा असो, ही परीक्षा त्याला चुकायची नाही.

तेव्हा घड्याळासाठीही एखादं खात्रीचं वजन हवं होतं. ते दुपारी स्वतःच्या पायांनी दुकानात चालत आलं.

व्हॅनकाका म्हणजे काकूंचे यजमान. शाळेची व्हॅन चालवायचे. कधी ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की, "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. दुकानामागच्या खोलीत जेवून ते हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी काउंटरवरच्या किल्लीकडे हात नेला.

"आधी तो हात इकडे करा," काकू म्हणाल्या.

"कशाला?"

"घड्याळ ताडून बघायचंय. तुम्ही ठणठणीत. तुम्हाला हे फार तर एकशे चाळीस दाखवेल, तेही आत्ता जेवलात म्हणून. जास्त दाखवलं, तर ते खोटं."

"नसत्या उचापती. मुलं सुटायची वेळ झाली."

पण तोवर काकूंनी पट्टा आवळलासुद्धा होता.

हिरवा उजेड लुकलुकला. जरा वेळानं आकडा आला. दोनशे शहाऐंशी.

काकूंना आनंदच झाला. "पकडलं की नाही? धडधाकट माणसाला दोनशे शहाऐंशी!"

"तेच म्हणतोय मी. सगळी धूळफेक आहे. दे फेकून," काका हसले आणि घाईघाईनं पट्टा सोडायला लागले.

काकू मात्र हसता हसता थांबल्या. उभ्या संसारात त्यांचं एखादं म्हणणं काकांनी इतक्या पटकन मान्य केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"थांबा. नुसतं तोंडानं सांगून पोरीला पटणार नाही," असं म्हणत त्यांनी गल्ल्याशेजारून जुनं टोचायचं मशीन काढलं. "एक थेंब द्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवते तिला."

"मला सुईची भीती वाटते."

"कधीपासून?"

काकांनी मूठ मिटली. काकूंनी ती दोन्ही हातांत घेतली आणि गंजलेला बोल्ट सोडवावा तसं एकेक बोट उलगडलं.

बोटांच्या टोकांना, कडेकडेनं, बारीक काळे ठिपके होते. काही जुने, काही कालपरवाचे. ते कशाचे, हे काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती. तसेच त्यांच्याही बोटांवर होते.

"शाळेला कळलं असतं तर व्हॅन गेली असती," काका पुटपुटले.

"शाळेचं राहू द्या. मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या पोटात गोष्ट राहते का?"

काकूंना राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. हा माणूस कुठे बसून टोचून घेत होता? औषध घेत होता, की तेही नाही? संध्याकाळी मित्राकडे जातो म्हणून जायचा, तो मित्र तरी खरा होता का? आणि रोज दुसऱ्यांची पोरं गाडीत भरून नेत होता. भर रस्त्यात डोळ्यांपुढे अंधारी आली असती तर?

त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलली आणि गल्ल्यात टाकली. "आजच्या दिवस दुसऱ्या व्हॅनवाल्याला सांगा."

"अगं, पण..."

तेवढ्यात फोन वाजला. आकडा मुलीपर्यंत पोचला होता.

"आई, दोनशे शहाऐंशी? काय खाल्लंस तू?"

काका मान हलवत होते. नको, सांगू नकोस. हात जोडायचेच काय ते बाकी होते.

"मी काही नाही खाल्लं," काकू म्हणाल्या.

"मग घड्याळच बिघडलंय. तुझंच खरं ठरलं बघ. उद्या येते आणि परत घेऊन जाते."

काकूंच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात अजून काकांचं बोट. ते त्यांनी सोडलं नव्हतं.

"परत नेऊ नकोस. अजून एक आण," त्या म्हणाल्या. "आणि पट्टा मोठ्या मापाचा बघ."