हिअर आणि लिसन

"त्या खुंटीला नाही!" सर खेकसले.

नवी विद्यार्थिनी दचकली. अडकवायला उचललेली पिशवी तिनं पुन्हा छातीशी धरली. दाराशी ओळीनं चार खुंट्या. तीन कोट-पिशव्यांनी गच्च भरलेल्या, चौथी रिकामी.

"ती राखीव आहे, बाई," सलूनवाला कुजबुजला. "पहिल्या दिवशी आम्हीही बोलणी खाल्लीत."

निवृत्त झाल्यावर सरांनी घरातच, पुढच्या खोलीत, मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला होता. सलूनवाला, पोस्टातली कारकून, आणि आता ही शिलाईवाली. हमखास गोंधळ होतो ती क्रियापदं घ्यायची: लेंड आणि बॉरो, ब्रिंग आणि टेक. नियम एकच. वाक्य खरं हवं, स्वतःच्या आयुष्यातलं. आणि चूक झाली की सर जागच्या जागी दुरुस्त करायचे. समोरच्याचं घर पेटलेलं असलं तरी आधी क्रियापद, मग पाणी.

या खोडीपायीच त्यांचा एकुलता एक मुलगा घर सोडून गेला होता. कॉलेज सोडून धंद्यात पडतो म्हणाला, तेव्हा बापलेकांची चांगलीच जुंपली. रागाच्या भरात पोराच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं. तुम्ही माझं कधी हिअर करतच नाही, असं काहीतरी.

"हिअर नाही. लिसन," सर म्हणाले.

पोरगं ताडकन दाराकडे वळलं. मग खुंटीवरची छत्री उचलली आणि चालतं झालं. ती छत्री सरांची. दात येत होते तेव्हा तिची लाकडी मूठ त्यानं चावून चावून खरबरीत करून ठेवली होती. त्यानंतर ना त्याचा पत्ता, ना फोन.

"त्या दिवशी जीभ आवरली असतीस तर झडली असती का रे?" आक्का, सरांची थोरली बहीण, अजूनही विचारायची.

"चुकलंच माझं, आक्का. सपशेल चुकलं. पण छत्री माझी आहे. ती परत करायला तरी येईलच की तो. आला की आधी माफी मागेन, मग दुसरं बोलेन."

"आणि तूच त्याला शोधायला गेलास तर पाय मोडतील?"

यावर सर चष्मा पुसत बसायचे.

शिलाईवाली बुजरी होती, पण आली की न चुकता विचारायची, "सर, खिडकी उघडू?" खिडकी सताड उघडून तिथंच शेजारी बसायची. तिचा नवरा तिला टेंपोतून सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत खाली थांबायचा. मोतीबिंदूमुळे सरांना खालचं काही धड दिसायचं नाही. सलूनवाल्यानंच बातमी पुरवली.

"नवरा पहारा देतो हो बाईंवर! भलताच संशयी दिसतोय गडी."

सरांच्या मनात त्या माणसाबद्दल अढी बसली ती बसलीच.

एके दिवशी शिलाईवालीनं वाक्य केलं. माझा नवरा खाली बसून तुमचा वर्ग हिअर करतो.

"लिसन!" सरांनी टेबलावर बोट आपटलं. "नुसतं कानावर पडतं ते हिअर. कान देऊन ऐकतो ते लिसन."

"मग लिसनच, सर." ती घुटमळली. "सर, तुम्हीच त्यांना वर बोलवा ना. आपणहून नाही यायचे ते. खिडकीतून एक हाक मारलीत तरी..."

सरांचं डोकंच फिरलं. बायकोवर पहारा ठेवणारा हा इसम, आणि वर त्याला आमंत्रण द्यायचं? ते उठून खिडकीशी गेले आणि खाली स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्याला वर यायची लाज वाटते त्यानं खालीच बसावं! असल्या माणसाला माझ्या घरात जागा नाही!"

सलूनवाला खो खो हसला. पोस्टातल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. शिलाईवाली उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

नंतर ती वर्गाला फिरकलीच नाही. सरांना चुटपुट लागून राहिली. चारचौघांत बिचारीला उगाच दुखावलं. काय गरज होती? वर्ग चालू असतानाही त्यांची नजर दाराकडे जायची.

"आली की माफी मागतो," ते आक्काला म्हणाले.

"तुझी माफी नेहमी उद्याच्या गाडीनं येते," आक्का म्हणाली.

आणि एका दुपारी शिलाईवाली दारात उभी राहिली. आक्का आत झोपली होती. सर लगबगीनं उठले.

"या, या, बसा ना. बाई, त्या दिवशी मी जरा..."

"बसत नाही, सर. सामान भरून टेंपो खाली उभा आहे. आम्ही हे शहर सोडतोय."

"असं एकाएकी?"

"त्यांचं मनच उडालं इथून. मी खूप समजावलं. नाही ऐकलं."

मागे धरलेला हात तिनं पुढे केला आणि चौथ्या खुंटीला काहीतरी अडकवलं. सर ओरडणार, तेवढ्यात ती एकेक शब्द जुळवत इंग्रजीत बोलली.

"ही टुक इट. आय हॅव ब्रॉट इट बॅक."

"शाब्बास!" सवयीनं सरांच्या तोंडून निघून गेलं. "टेक आणि ब्रिंग, दोन्ही बरोबर! एकही चूक नाही."

तिचे डोळे भरून आले होते, ते सरांना दिसलं नाही. ती वळली आणि जिना उतरून गेली. खाली टेंपो सुरू झाला, कोपऱ्यावर वळला, आणि त्याचा आवाज रस्त्यावरच्या इतर आवाजांत मिसळून गेला.

"या खुंटीला काही लावू नका म्हणून कितीदा सांगायचं?" असं पुटपुटत सर भिंत चाचपत दाराशी गेले. हाताला एक लाकडी मूठ लागली. ती काढायला त्यांनी बोटं आवळली, आणि अंगठ्याखाली इवल्या इवल्या दातांच्या खुणा लागल्या.