भरलेली काडेपेटी

“हृदयाच्या झडपेला जंतूंनी पोखरलंय,” डॉक्टर म्हणाले. “नशेसाठी एकच घाण सुई वारंवार टोचल्यानं.” शिवणकाम करणारी आई उसळली. “सुई आली कुठून? नशा करणाऱ्या पोरांना संस्थेवाल्यांनी वाटलेलं कोऱ्या सुयांचं अख्खं पाकीट मी कचऱ्यात फेकलं होतं! म्हटलं, सुईच नसली तर टोचणार काय, कपाळ?” खाटेवरचा लेक भिंतीकडे बघत म्हणाला, “एक जुनी उरली होती, आई. बोथट झाली की काडेपेटीवर घासायचो.” मशीनची सुई जराशी बोथट झाली, तरी कापड फाटेल म्हणून लगेच बदलणारी ती बाई त्याचं पांघरूण सारखं करू लागली. घरी येऊन त्याच्यासाठी दूध तापवायला तिनं त्याच्याच खोलीतली काडेपेटी घेतली. काडी पेटेना. दुसरीही पेटेना. तिसरी मोडली. “मेली सादळली वाटतं,” म्हणत तिनं पेटी खिडकीशी धरली. काड्या गच्च होत्या. दोन्ही बाजू मात्र घासून गुळगुळीत झाल्या होत्या.